पीळदार क्ष-किरणांचा होलोग्राम
क्ष-किरणांच्या साध्या झोतात तरंगाग्र सपाट असते. पीळदार झोतात ते गोल जिन्यासारखे अक्षाभोवती फिरत पुढे सरकते. अक्षावर कला (तरंगाच्या आवर्तनातले स्थान) निश्चित राहत नाही, म्हणून तिथे तीव्रता शून्य होते आणि शोधकावर मधोमध काळोख असलेले कडे उमटते. पण पीळ उजवा की डावा, हे कड्यावरून कळत नाही. शोधक फक्त तीव्रता नोंदवतो, कला नाही. इथे भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये मांडलेली होलोग्राफी कामी येते. पीळदार झोतावर साधा संदर्भझोत किंचित तिरका सोडला की व्यतिकरणाचे पट्टे दिसतात आणि मध्यावर एका पट्ट्याला फाटा फुटतो. एक पट्टा जादा असेल, तर एका फेरीत कला एका पूर्ण तरंगाने सरकते. फाट्याचे तोंड पिळाची दिशा सांगते. गंमत म्हणजे हीच फाटाळ नक्षी जाळीवर कोरली, तर ती साध्या झोतालाच पीळ घालते.