अर्थिंग 'पुस्तकातली गोष्ट' नाही, कायद्यातली आहे

उन्हाळ्यात मशिदीत पत्र्याचे कूलर लागतात, वजूखान्यात गिझर बसतो, उर्सला रोषणाईच्या माळा चढतात. ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी बॉडी, सगळं एकाच जागी. अशा वेळी कुणी अर्थिंगचं विचारलं, की वायरमनचं उत्तर ठरलेलं असतं: "भाई, ते आयएसचं पुस्तक आहे, कायदा थोडाच आहे?"

हे अर्धंच खरं आहे. भारतीय मानक ब्युरोची वायरिंगची संहिता आयएस 732 आणि अर्थिंगची आयएस 3043. ही पुस्तकं स्वतःहून कायदा नाहीत. पण वीज कायदा 2003 खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेची नियमावली केली. आधी 2010 ची होती, आता तिच्या जागी 2023 ची आहे. ही नियमावली सगळ्यांवर बंधनकारक आहे. 2010 च्या नियमावलीची भाषा पाहिली तर वायरमनचा गोंधळ कुठून येतो ते कळतं. साहित्य मानकाप्रमाणे असलंच पाहिजे, असं ती म्हणते. काम करण्याच्या संहिता मात्र 'पाळता येतील', आणि कुठे विसंगती आली तर नियमावलीचं चालेल. त्या 'पाळता येतील'वर बोट ठेवून लोक सुटू पाहतात. पण अर्थिंग असावं की नसावं, हे संहितेवर सोडलेलंच नाही. ते थेट नियमावलीत आहे.

त्यानुसार, जिथून घराला वीज सुरू होते तिथे अर्थिंगचं टर्मिनल देणं आणि सांभाळणं वीज कंपनीचं काम आहे. त्याचा खर्च ती ग्राहकाकडून घेऊ शकते. जोडणी 250 व्होल्टच्या वर, म्हणजे थ्री-फेज असेल तर ग्राहकानेही स्वतःचा वेगळा इलेक्ट्रोड पुरायचा. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांनी हे नीट वाचावं: अशा मोटारीच्या बॉडीला एक नाही, दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात. अर्थिंगचा रोध मोजायचा तो कोरड्या हंगामात. पावसात जमीन ओली असते, तेव्हा वाईट अर्थिंगही चांगलं दिसतं.

गळती झाली की वीज तोडणारं उपकरणही ठरावीक भाराच्या वरच्या जोडण्यांना सक्तीचं आहे, आणि घरासाठी त्याची मर्यादा 30 मिलीअँपियर. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किटवर पडतो, शॉक लागलेल्या माणसासाठी नाही.

आणखी एक जुगाड सर्रास चालतो. अर्थची वायर ओढायचा खर्च नको म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. टेस्टर काही दाखवत नाही, कूलर मस्त चालतो. मग एक दिवस न्यूट्रल तुटते आणि फेज थेट कूलरच्या पत्र्यात उतरते.

हे काम करायचं कुणी, तेही नियमावलीत आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं तर वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. म्हणजे कागद मागायचा: परवाना क्रमांक, पक्कं बिल, टेस्ट रिपोर्ट. वायरवर आयएसआय चिन्ह नसेल तर ती दुकानात विकणंच बेकायदा आहे; 2003 च्या केंद्राच्या आदेशाने ते सक्तीचं केलं.

कागद का, तर अपघात झाला की प्रश्न जबाबदारीचा येतो. रस्त्यावरच्या तारेने माणूस गेला तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही वीज मंडळ भरपाईला बांधील आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सांगितलं. मीटरच्या पुढची वायरिंग मात्र आपली: घरात मालकाची, मशीद-मदरशात ट्रस्टची. अशा मृत्यूची चौकशी वीज कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षक करू शकतो. निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं. 'काम सवाबसाठी फुकट करून दिलं होतं' हे तिथे उत्तर होत नाही.