मागच्या टीवरून पुढच्या टीकडे

११ एप्रिल २०२५ रोजी ऑगस्टा नॅशनलच्या अठराव्या ग्रीनवर बर्नहार्ड लँगरचा पारचा पट हुकला आणि शेवटच्या दोन दिवसांची पात्रता एका फटक्याने गेली. वय ६७, आणि मास्टर्समधली ही त्याची शेवटची फेरी. ही स्पर्धा त्याने १९८५ आणि १९९३ मध्ये जिंकली तेव्हा मैदान सात हजार यार्डांच्या आत होते. निरोपाच्या वर्षी ते ७,५५५ यार्डांचे झाले होते. तरुण खेळाडू जिथून आखूड आयर्नने ग्रीनवर चेंडू उतरवत होते, तिथून त्याला हायब्रिड काढावी लागत होती. त्याआधी पाचच महिने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच गृहस्थाने पन्नाशीपुढच्यांच्या अमेरिकी दौऱ्यावरची हंगामअखेरची स्पर्धा जिंकली होती. तिथले ते त्याचे ४७वे विजेतेपद, आणि तेही त्याच वर्षी पिकलबॉल खेळताना टाचेची कंडरा तुटल्यावर. माणूस थकला की मैदान लांबले, हा प्रश्न साठीच्या प्रत्येक गोल्फरला पडतो. गेल्या तीन दशकांत त्याची उत्तरे बरीच मिळाली. त्यातली महागडी तेवढी क्लबांनी उचलली.

विसाव्या शतकाचा बहुतेक भाग गोल्फरांच्या व्यायामाच्या बाबतीत सांगण्याजोगा नाही. वजने उचलली की अंग आखडते आणि स्विंग बिघडतो, ही समजूत ठाम होती. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर पन्नासच्या दशकापासून व्यायाम करत होता आणि त्याबद्दल टिंगलही सोसत होता. ४२व्या वर्षी, १९७८ मध्ये, त्याने तिसऱ्यांदा मास्टर्स जिंकली. सॅम स्नीडचे सांधे मुळातच सैल. १९६५ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, तो ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकला. पीजीए टूरवर एवढ्या वयात त्याच्याआधी किंवा नंतर कोणी जिंकलेले नाही. १९७९ मध्ये, ६७ वर्षांचा असताना, त्याने एक फेरी ६७ फटक्यांत आणि त्याच स्पर्धेत आणखी एक ६६ मध्ये पुरी केली. वयाइतक्या फटक्यांत फेरी संपवणे हे तेव्हापासून म्हाताऱ्या गोल्फरांचे पंढरपूर झाले. बहुतेकांची वारी वाटेतच थांबते, ते सोडा.

खरी उलथापालथ १९९७ ते २००७ या दहा वर्षांत झाली. एप्रिल १९९७ मध्ये २१ वर्षांच्या टायगर वुड्सने मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. गोल्फर हाही खेळाडूच असतो आणि त्याने व्यायामशाळेत जायचे असते, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पाठोपाठ साहित्य बदलले. २००० च्या अखेरीस घन गाभ्याचा आणि मऊ आवरणाचा नवा चेंडू व्यावसायिकांच्या हाती आला. ड्रायव्हरचे डोके एवढे फुगत गेले की २००४ मध्ये नियमकर्त्यांना ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. पीजीए टूरवरचा सरासरी ड्राइव्ह १९९७ मध्ये सुमारे २६७ यार्ड होता; २००३ मध्ये तो २८६ वर गेला. घाबरलेल्या मैदानांनी टी मागे सरकवल्या. ऑगस्टाने २००२ आणि २००६ अशी दोनदा लांबी वाढवली. जगभरच्या क्लबांना तीच हवा लागली, आणि आठवड्यातून एकदा खेळणारा निवृत्त सभासद आपला काही दोष नसताना आणखी लांबच्या टीवर जाऊन उभा राहिला.

या दशकाने एक चूक वारसाहक्काने घेतली होती आणि ती मनोभावे जोपासली. १९९२ मध्ये जिम मॅकलीन या अमेरिकी शिक्षकाने ‘एक्स फॅक्टर’ ही कल्पना लोकप्रिय केली: खांदे जास्त वळवा, कंबर कमी वळवा, त्या दोहोंतला फरक म्हणजे ताकद. जोरकस तरुण खेळाडूंच्या मोजमापांवरून आलेले ते निरीक्षण होते. पुढे धड्यांच्या बाजारात त्याचा सरसकट नियम झाला आणि डावी टाच जमिनीला खिळवून, कंबर घट्ट धरून खांदे पिळण्याचे शिक्षण साठीच्या लोकांनाही मिळू लागले. कमरेचे पाच मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. वळण्याचे काम खुब्यांचे आणि छातीमागच्या मणक्यांचे. ते दोन्ही वयाबरोबर आखडतात, आणि त्यातच खुबे मुद्दाम बांधून ठेवले की सगळा पीळ कमरेवर येतो. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबरदुखीचा नंबर पहिल्या रांगेत असतो. जुन्या पिढीतले बॉबी जोन्स, स्नीड, जॅक निकलस हे सगळे मागे वळताना डावी टाच उचलत. त्या टाचेबरोबर खुबा मोकळा होई. पन्नाशीनंतरच्या माणसाला द्यायचा पहिला धडा हाच असायला हवा होता, आणि त्याला नेमके उलटे शिकवले गेले.

याच काळात दुरुस्तीचीही सुरुवात झाली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडला टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. आधी शरीर तपासा, मग त्या शरीराला झेपेल असा स्विंग शिकवा, ही तिची पद्धत. वाकून पायाची बोटे टेकतात का, हात वर धरून खोल बैठक जमते का, एका पायावर किती वेळ उभे राहता येते, खांदे स्थिर ठेवून कंबर वेगळी वळते का, अशा साध्या चाचण्या. ज्याचा खुबा आत वळत नाही त्याला डाव्या पायावर भार टाकून फटका पुरा करा असे शंभरदा सांगून काही होत नाही. त्याचे डावे पाऊल थोडे बाहेरच्या बाजूला वळवून ठेवले तर अर्धे काम तिथेच होते.

ताकदीचा प्रश्नही याच चौकटीत येतो. वयाबरोबर ताकद जाते, पण तिच्या आधी जातो झटका, म्हणजे ताकद वेगाने वापरण्याची क्षमता. ड्राइव्हला लागतो तो हाच. स्टिकच्या डोक्याचा वेग ताशी एक मैलाने घटला तर ड्राइव्ह साधारण अडीच यार्डांनी आखूड होतो. हे नुकसान भरून निघते. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांना, त्यांत सर्वांत लहान ८६ वर्षांचा, आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली गेली. मांडीची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. त्यापुढे साठीतल्या माणसाची सबब टिकत नाही. बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, जड चेंडू भिंतीवर फिरवून फेकणे आणि एका पायावर उभे राहून दात घासणे, एवढ्यावर हंगामभराचे काम भागते.

गंमत अशी की यातले पुष्कळसे महाराष्ट्रात आधीपासून होते. तालमीत मुद्गल फिरवत; खांद्याच्या पूर्ण वर्तुळासाठी आणि मनगटाच्या ताकदीसाठी त्याहून सरस साधन व्यायामशाळेच्या आरशासमोर सापडत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घराघरांत पोहोचवलेले सूर्यनमस्कार पाठीला आणि मांडीच्या मागच्या शिरांना चांगले, पण गोल्फरला तेवढे पुरत नाहीत. त्यांत पुढे-मागे वाकणे आहे, वळणे नाही. वळण्यासाठी पुण्याच्या अय्यंगार परंपरेकडे यावे लागते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेच्या पद्धतीत खुर्चीवर बसून करायचे भरद्वाजासन आहे. आखडलेल्या पाठीला छातीपासून वळायला शिकवण्याचा तो सर्वांत निर्धोक मार्ग. आणखी एक बारकावा: मांडी घालून बसण्याने खुबा बाहेर वळतो, गोल्फला तो आत वळायला हवा. ते वीरासनात होते, अर्थात गुडघ्यांनी परवानगी दिली तर. ही सगळी सामग्री गल्लीत पडलेली असताना ती ‘गोल्फ फिटनेस’ या नावाने परदेशी प्रमाणपत्रासह परत आली तेव्हाच क्लबांत तिला मान मिळाला.

धड्यांचे काय झाले? बेन होगनचे १९५७ चे पाच धड्यांचे पुस्तक आणि हार्वे पेनिकची १९९२ ची छोटी लाल वही यांवर दोन पिढ्या पोसल्या. होगनची पकड त्याच्या स्वतःच्या भयंकर डावीकडे वळणाऱ्या फटक्यावरचा उतारा होती, आणि जगातल्या बहुसंख्य हौशींचा चेंडू उजवीकडे जातो. तरी ती पकड सर्वांना लागू पडते असे मानले गेले. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमनच्या रडारने एक जुना गैरसमज मोडला: चेंडू सुरुवातीला मुख्यतः स्टिकचे तोंड जिकडे असेल तिकडे निघतो, स्टिक फिरण्याच्या मार्गाकडे नाही. पुस्तके नेमके उलटे शिकवत आली होती. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांचा हिशेब मांडून दाखवला की चांगल्या आणि सामान्य खेळाडूतला दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांत असतो. आखूड खेळ आणि पटिंग सांभाळा, बाकी सोडा, हा म्हाताऱ्यांना दिला जाणारा धीर त्याने थोडा फिका पडला. थोडाच. कारण गेलेली लांबी परत आणण्याचे दोन रस्ते आहेत, आणि त्यातला एक फुकट आहे.

तो रस्ता म्हणजे पुढची टी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी ‘टी इट फॉरवर्ड’ मोहीम काढली: ड्रायव्हर जेवढा जातो त्या मानाने टी निवडा. जुलै २००९ मध्ये टर्नबेरीला टॉम वॉटसनने वय आणि लांबीचा हा प्रश्न जिवंत केला होता. वय ५९, नऊ महिन्यांपूर्वी बदललेला खुबा, आणि अखेरच्या होलवर एक पट पडला असता तर ब्रिटिश ओपन त्याची होती. तो पट हुकला आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. समुद्रकाठचे कोरडे, घरंगळणारे मैदान असल्यामुळे त्याची लांबी तिथे आड आली नाही. एवढे उदाहरण समोर असतानाही भारतीय क्लबांत पुढच्या टीला ‘लेडीज टी’ म्हणण्याची खोड गेली नाही. सत्तरीतला माणूस चाळीस हजारांचा ड्रायव्हर घेतो, वीस पावले पुढे जात नाही. या एका शब्दाने जेवढे फटके वाया घालवले तेवढे खराब पकडीनेही घालवले नसतील.

वय आड येत नाही याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण महूचे आहे. इंदूरजवळच्या या लष्करी गावातल्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेला मुकेश कुमार देशातल्या दौऱ्यावर शंभराहून अधिक स्पर्धा जिंकला. आशियाई दौऱ्यावरचे पहिले विजेतेपद मात्र त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मिळाले, पॅनासोनिक ओपनमध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी. त्या दौऱ्यावर एवढ्या वयात पहिल्यांदा जिंकणारा तोच. स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबवर झाली, हे विसरू नये. तिथे दोन्ही बाजूंना झाडी दाटलेली, चेंडू बाहेर गेला की गेला. सरळ मारणाऱ्याला तिथे वय विचारत नाहीत.

मुकेशच्या घडणीत रडार नव्हते. दुसऱ्याची बॅग वाहत हजारो स्विंग पाहणे ही त्याची शाळा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हाही कॅडीच होता. सभासदाच्या बाजूनेही या नात्याला अर्थ होता. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीत किंवा येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर वर्षानुवर्षे एकाच माणसाची बॅग उचलणारा कॅडी त्याच्या स्विंगमधला बिघाड त्याच्याआधी ओळखे आणि ‘साहेब, आज घाई होतेय’ एवढ्यावर धडा संपवे. बग्गी आली आणि हे संपले. बग्गीबरोबर चालणेही संपले, आणि तो तोटा मोठा. १८ होल चालत खेळले तर सहा-सात किलोमीटर सहज होतात. स्वीडनमधल्या तीन लाख गोल्फरांचा २००८ चा अभ्यास त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या आणि आर्थिक स्थितीच्या इतरांपेक्षा ४० टक्के कमी सांगतो. हा लाभ बसून फिरणाऱ्याला मिळेल असे समजण्याचे कारण नाही. आता क्लबात पैसे बग्गीचे, पैसे सिम्युलेटरचे, आणि वर हालचाल कमी झाली म्हणून पैसे फिजिओथेरपीचे.

मैदानाबाहेरच्यांची अडचण वेगळी. सिडकोने खारघरला मैदान उघडले तेव्हा सभासदत्वाशिवाय खेळता येईल अशी जागा मुंबई परिसराला मिळाली. तशा जागा अजून मोजक्याच. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही गोल्फ क्लब ग्राउंड म्हणतात. तिथे क्रिकेट होते आणि सकाळी ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतात. चालणे शिल्लक राहिले, गोल्फ फक्त नावात. लहान गावांत तर तेवढेही नाही. सुरत जिल्ह्यातले बारडोली ओळखले जाते १९२८ चा सत्याग्रह, ऊस आणि साखर कारखाना यांसाठी. या पट्ट्यातली पाटीदार कुटुंबे अमेरिकेत मोटेलच्या धंद्यात मुरली आहेत. अमेरिकेतली चारपैकी तीन मैदाने सार्वजनिक, त्यामुळे तिकडच्या भावाला साठीत गोल्फ शिकणे सोपे. इकडच्याला प्रत्येक फेरीसाठी प्रवासात दिवस मोडावा लागतो.

अशा गावातल्या खेळाडूचा सराव घरातच होतो. सतरंजीवर चार फुटांचे पट, अंगणातल्या जाळीत अर्ध्या स्विंगचे चेंडू, खुर्चीवरचे वळणे, बैठका आणि रोजचे चालणे. शिक्षकाकडे तीन महिन्यांतून एकदा, एकच दुरुस्ती घेऊन परतायचे. बाकी काम फोनवरच्या व्हिडिओचे: एक समोरून, एक मागून, दर वेळी कॅमेरा हाताच्या उंचीवर आणि त्याच जागी ठेवलेला. कॅमेऱ्याची जागा हलली की स्विंग बदलल्याचा भास होतो.