सार्वजनिक न्यास (महाराष्ट्र)

सार्वजनिक न्यास म्हणजे धार्मिक किंवा धर्मादाय हेतूसाठी अर्पण केलेल्या मालमत्तेची, लोकांच्या हितासाठी चालविली जाणारी व्यवस्था होय. व्यवहारात तिला ‘ट्रस्ट’, तर देवस्थानाच्या बाबतीत ‘संस्थान’ म्हणतात. महाराष्ट्रात तिचे नियमन १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने होते. त्याच्या नावात पूर्वी ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘मुंबई’ हा शब्द होता. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्याने तेथे त्या राज्याचा १९५१ चा न्यास कायदा चालत असे; राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईचा कायदा विदर्भास लागू करण्यात आला.

देवस्थानांच्या संपत्तीवर कायद्याची देखरेख असावी, हा विचार मात्र वऱ्हाडास नवा नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी झालेल्या सत्याग्रहात भाग घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले होते.

मालकी कोणाची?

न्यासाविषयीचे बहुतेक गैरसमज या प्रश्नापाशी सुरू होतात. कंपनीप्रमाणे न्यास ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, पण तिचा उपभोग त्यांचा नसतो. मंदिराची गोष्ट निराळी. मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो, तीही कायमची अज्ञान व्यक्ती. म्हणून सातबारावर जमीन देवाच्या नावे असते आणि पुजारी किंवा वहिवाटदार केवळ तिची व्यवस्था पाहतो.

नेदरलँड्समधील ‘स्टिख्टिंग’ या प्रतिष्ठानाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. डच नागरी संहितेनुसार नोटरीच्या दस्ताने स्थापन झालेले हे प्रतिष्ठान स्वतःच कायदेशीर व्यक्ती असते. त्याला सभासद नसतात, केवळ कार्यकारी मंडळ असते. आणि संस्थापकांना किंवा मंडळाच्या सदस्यांना नफा वाटण्यास मनाई असते. म्हणजे तेथे मालमत्ता खुद्द प्रतिष्ठानाची, येथे ती विश्वस्तांच्या हाती.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था बहुधा दुहेरी नोंदणीच्या असतात. प्रथम १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली ‘सोसायटी’ म्हणून आणि मग १९५० च्या कायद्याखाली न्यास म्हणून. अशा नोंदणी क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर येते. पंजाबरावांनीच स्थापन केलेली अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था सभासदांच्या मतांवर चालते. सभासद कार्यकारिणी निवडतात. इमारतींत वा जमिनीत त्यांचा वाटा नसतो.

नोंद आणि नियंत्रण

न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. चौकशीनंतर न्यासाचे हेतू, मालमत्ता, विश्वस्त आणि उत्तराधिकाराची पद्धत नोंदवहीत लिहिली जाते. पुढे यांत बदल झाल्यास ९० दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. वरवर कारकुनी वाटणारे हे कलम २२ संस्थांतील भांडणांचे मूळ ठरते. दोन गट आपापली कार्यकारिणी निवडून आणतात, दोघेही अहवाल दाखल करतात, आणि निकाल लागेपर्यंत बँक खात्यावर सही कोणाची चालणार हे ठरत नाही. त्याची झळ बसते ती शिक्षकांना व विद्यार्थ्यांना.

हिशेबांची दरवर्षी तपासणी बंधनकारक आहे. स्थावर मालमत्ता विकण्यास, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गैरव्यवहार करणाऱ्या विश्वस्तास निलंबित किंवा दूर करण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. वक्फ मालमत्तांसाठी मात्र वेगळा केंद्रीय कायदा आहे.

विश्वस्त निवडीचा धडा वऱ्हाडात संत गाडगे महाराजांनी घालून दिला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. पंढरपूर, नाशिक, आळंदी आदी ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या व त्यांचे न्यास केले. त्यांत आपल्या नातेवाइकांना हक्क ठेवला नाही. कायदा नातेवाईक विश्वस्तांना सरसकट मनाई करत नाही. तो प्रश्न न्यासपत्र लिहिणाऱ्यावर सोडलेला आहे.

न्यासाचा मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास न्यायालय कलम ५५ अन्वये मालमत्ता त्याच्या जवळच्या हेतूकडे वळवू शकते. सोसायटी विसर्जित झाल्यास देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या सोसायटीकडे जाते.