टायमिंग चेन बदलली, आता ईसीयू रीसेट कसा करायचा? मोबाईलवरून काय होतं आणि काय होत नाही

समजा तुम्ही मुरबाडला राहता. सेकंडहँड गाडी घेतली आणि काही महिन्यांनी सकाळी स्टार्ट करताना इंजिनातून खडखड यायला लागली. मेकॅनिकने टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाईड बदलले. आवाज गेला, पण नवीनच दुखणं सुरू झालं: आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला गाडी बंद पडते आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा काही जात नाही. मग कोणीतरी सांगतं, "अरे, ईसीयू रीसेट मार, होईल नीट."

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. आणि उरलेल्या अर्ध्यामुळे माळशेज किंवा कसारा घाटात इंजिनाची वाट लागू शकते. कसं ते बघूया.

ईसीयूला टायमिंग कसं कळतं?

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, जो पिस्टन वर-खाली होताना फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, जो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. हे गणित सांभाळायचं काम चेन किंवा बेल्ट करतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात चेन असते, तर जुन्या अल्टो ८०० मध्ये बेल्ट होता.

दोन्ही शाफ्टजवळ एकेक सेन्सर असतो. ईसीयू त्या दोघांचे सिग्नल सतत ताडून बघतो. ते जुळले नाहीत की तो पी००१६ सारखा कोड साठवतो आणि दिवा लावतो.

मग रीसेट लागतो कशाला?

तुमच्या मोबाईलचा कीबोर्ड जसा तुमचे नेहमीचे शब्द शिकतो, तसाच ईसीयू गाडीच्या सवयी शिकतो. चेन हळूहळू सैल होते, व्हॉल्व्ह थोडे उशिरा उघडतात, आणि ईसीयू पेट्रोल व हवा कमी-जास्त करून गाडी सांभाळून घेतो. नवीन चेन बसली की टायमिंग पुन्हा नीट होतं, पण ईसीयूच्या डोक्यात हिशेब जुनाच असतो. म्हणून आयडलिंग बिघडतं. बऱ्याच गाड्यांत चालवता चालवता ईसीयू नवीन हिशेब शिकतो. रीसेट केला की तो कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो, एवढंच.

'रीसेट' म्हणजे तीन वेगळी कामं

१. कोड पुसणे: दिवा जातो. हे मोबाईलवरून होतं.
२. शिकलेल्या व्हॅल्यू पुसणे: काही गाड्यांत कोडसोबत यातल्या काही पुसल्या जातात, काहींत बॅटरी काढल्यावर जातात. अनेक नव्या गाड्यांत मात्र मेमरी पक्की असते, तिथे गॅरेजचा स्कॅनर लागतो.
३. क्रँक-कॅम रीलर्न: काही मॉडेलमध्ये ईसीयूला नवीन जागा शिकवावी लागते. साध्या फ्री ॲपमधून हे सहसा होत नाही.

मोबाईलवरून कसं करायचं?

बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ आलं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टेअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट सापडेल. त्यात ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावा आणि प्ले स्टोअरवरून टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्या. आयफोन असेल तर आयफोनला चालणारं डोंगल आहे ना, हे आधी तपासा.

- आधी स्क्रीनशॉट. सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेम सेव्ह करा. पुसल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.
- चावी ऑन, इंजिन बंद. आता कोड क्लिअर करा.
- स्टार्ट करा, रेस देऊ नका. एसी बंद ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये गरम होऊ द्या. कूलंट ८० अंशांच्या वर गेलं की पाच मिनिटं एसी लावा. हे मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नाही.
- चक्कर मारा. शहापूर ते किन्हवली असा साधा रस्ता निवडा. कधी हळू, कधी एका स्पीडला, १५-२० किलोमीटर. स्क्रीन मित्राला बघू द्या, तुम्ही रस्ता बघा.
- परत स्कॅन करा. 'पेंडिंग' कोडही बघा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर गाडी मार्गावर आहे.

डोंगल नसेल तर १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढून १५-२० मिनिटं थांबा. चावी बंद हवी. घड्याळ आणि ऑटो विंडोचं सेटिंग जाऊ शकतं, म्युझिक सिस्टीमचा कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

कोड परत आला तर?

इथेच खरा धोका आहे. पी००१६ पुन्हा आला तर पुन्हा पुसू नका. चेन एक दात चुकून बसलेली असू शकते, टेन्शनर नीट बसला नसेल, सेन्सरची वायर सैल असेल किंवा व्हीव्हीटीचा ऑईल व्हॉल्व्ह अडकला असेल. यातलं काहीच रीसेटने दुरुस्त होत नाही. ताप आलेला असताना थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही, तसंच हे.

बऱ्याच इंजिनांत टायमिंग जास्त चुकलं की पिस्टन थेट व्हॉल्व्हला धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोलावं लागतं आणि चेनच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल होतं. तेही घाटात, मागे ट्रकची रांग असताना.

म्हणून कव्हर लावण्याआधीच मेकॅनिकला एक विनंती करा: "दादा, इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते दाखवा ना." कुठे अडकलं तर जोर न लावता तिथेच थांबायचं. चांगला मेकॅनिक हे स्वतःहूनच करतो. खुणांचा फोटो काढून ठेवा.

आणि दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय. जपून बाजूला घ्या, गाडी बंद करा.

जाता जाता, जुनी गाडी घेताना

ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' नावाचा भाग असतो. कोड पुसले की ते 'अपूर्ण' दिसतात आणि बरंच चालवल्यावर पूर्ण होतात. गाडी बघायला गेलात, दिवा नाही, पण बहुतेक मॉनिटर अपूर्ण? म्हणजे नुकताच कोणीतरी कोड पुसला असेल किंवा बॅटरी काढली असेल. विकणाऱ्याला कारण विचारा आणि मगच टोकन द्या.

थोडक्यात, आधी खुणा, मग रीसेट, मग चक्कर, मग स्कॅन. हा क्रम लक्षात ठेवा. घाट त्यानंतर. माहिती उपयोगी वाटली तर गाडीवाल्या मित्राला नक्की पाठवा!