पोटातले सोबती (लेखांक ४) : आतड्याचा संयम शिकलेला असतो

म्यूकसचा थर जिवाणूंना आतड्याच्या अस्तरापासून दूर ठेवतो, हे आपण मागच्या लेखात पाहिले. पण जिवाणूंच्या आवरणाचे सुटे रेणू हा थर ओलांडून पेशींपर्यंत पोचू शकतात. यातला सर्वांत जहाल रेणू म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एलपीएस. तो रक्तात उतरला तर ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. आतड्यात मात्र तो बारा महिने तेरा काळ असतो आणि तरीही अस्तर शांत राहते. हे कसे काय?

एलपीएस ओळखण्याचे काम टीएलआर-४ या प्रथिनाचे. या शोधासाठी ब्रूस बॉयटलर २०११ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. टीएलआर-४ ला एलपीएसची चाहूल लागली की आयरॅक-१ सारख्या प्रथिनांमार्फत निरोप पेशीच्या केंद्रकात जातो आणि दाह निर्माण करणारी जनुके चालू होतात. आतड्याच्या पेशी हाच निरोप वाटेत अडवतात. एक तर त्या टीएलआर-४ चे जनुक जेमतेमच चालू ठेवतात. दुसरा उपाय जन्माच्या वेळी घडतो.

जर्मनीतील मथियास होर्नेफ यांच्या गटाने २००६ मध्ये नवजात उंदरांची आतडी तपासली. नैसर्गिक प्रसूतीत पिल्लाच्या आतड्याचा एलपीएसशी पहिला संपर्क येतो. पेशी क्षणभर खवळतात, मग आयरॅक-१ घटते आणि त्या निवतात. सिझेरियनने जन्मलेल्या पिल्लांत हा सुरुवातीचा खवळाटही दिसला नाही आणि नंतरचा संयमही. २०१० मध्ये याच गटाने त्यामागचे कारण दाखवले : जन्मानंतर पेशीत मायक्रो-आरएनए-१४६ए हा छोटा आरएनए रेणू वाढतो आणि आयरॅक-१ तयार होऊ देत नाही. जनुक जागेवरच असते, त्याची आज्ञाही निघते. पण प्रथिन बनण्याआधीच ती रोखली जाते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. सिझेरियनने बाळ झालेल्या आईने त्यातून चिंतेचा अर्थ काढू नये.

संयमाचा आणखी एक सूत्रधार म्हणजे एचडॅक-३. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या रासायनिक खुणा हे विकर पुसते आणि कोणती जनुके वाचली जावीत हे ठरवण्यात हातभार लावते. अमेरिकेत थेरेसा अलेन्घाट, डेव्हिड आर्टिस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या पेशींतून ते काढून टाकले. जिवाणूनाशक प्रथिने स्रवणाऱ्या पॅनेथ पेशी घटल्या, अस्तराची तटबंदी ढिली पडली. असेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तेव्हा मात्र तटबंदी सावरली. म्हणजे जिवाणूंशी वागण्याची पेशीची रीत बिघडली होती. आतड्याचा जुनाट दाह असलेल्या रुग्णांच्या अस्तरातही एचडॅक-३ कमी आढळले.

हा संयम म्हणजे डोळेझाक नव्हे. जिवाणूंच्या शेपटीतले प्रथिन ओळखणारे टीएलआर-५ मोठ्या आतड्याच्या पेशींत मुख्यतः तळाच्या बाजूला असते. पोकळीत राहणारे जिवाणू तिथवर पोचत नाहीत. अस्तर भेदून आत घुसलेल्याचीच तिथे दखल घेतली जाते.

जिवाणूंशी असलेली ही मैत्री टिकवण्यात आपलाही वाटा आहे. साधे जुलाब झाले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्या सोबती आणि शत्रू यांत फरक करत नाहीत.

(पुढील आठवड्यात : ब्युटिरेट आणि आहारातील तंतू)