तीनशे प्रतींची आवृत्ती
मराठी ग्रंथव्यवहाराची चर्चा बहुधा वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासापाशी येऊन थांबते. परंतु या व्यवहाराला आतून पोखरणारा बदल पुस्तकाच्या आवृत्तीत, म्हणजे एका वेळी छापल्या जाणाऱ्या प्रतींच्या संख्येत, झाला आहे. कथा-कादंबरीची पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची काढण्याची मराठीत दीर्घकाळ रूढी होती. आता अनेक प्रकाशक तीनशे ते पाचशे प्रतींवर थांबतात, आणि मागणी येईल तेवढ्याच प्रती डिजिटल यंत्रावर काढण्याची सोय झाल्यामुळे पन्नास प्रतींचे पुस्तकही बाजारात येऊ शकते. गोदामात गठ्ठे पडून राहत नाहीत आणि भांडवल अडकत नाही, हा या तंत्राचा लाभ खराच आहे. त्याची भरपाई मात्र अन्यत्र करावी लागते.

ती कशी, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. छापील किंमत ३०० रुपये असलेल्या पुस्तकावर वितरक आणि विक्रेता यांना मिळून ४० टक्के सवलत दिली, तर १२० रुपये तिथेच जातात. लेखकाचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, १० टक्के धरल्यास आणखी ३० रुपये वजा होतात आणि प्रकाशकाच्या हाती १५० रुपये उरतात. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसतो. तो ४० हजार रुपये मानला, तर हजार प्रतींच्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीवर त्याचा ४० रुपयांचा भार पडतो, तर तीनशे प्रतींत तोच १३३ रुपयांवर जातो. उरलेल्या १७ रुपयांत कागद, छपाई आणि बांधणी भागत नाही. मग किंमत तरी वाढवावी लागते किंवा या चार कामांपैकी एखादे गाळावे लागते; आणि बहुधा गाळले जाते ते संपादन, कारण मुखपृष्ठाची उणीव दुकानातच नजरेत भरते, संपादनाची मात्र पुस्तक विकत घेऊन वाचायला बसल्यावरच जाणवते.

ही हानी मोठी आहे. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणे नव्हे. ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकाशी चर्चा करून, प्रसंगी पुनर्लेखन करवून घेऊन जी संपादनाची शिस्त रुजवली, तिच्यावर मराठी साहित्याची एक पिढी घडली. त्या जागी आता लेखकाकडूनच निर्मितिखर्च घेऊन पुस्तक काढण्याची प्रथा फोफावली आहे. अशा व्यवहारात प्रकाशकाची कमाई पुस्तक विकले जाण्यापूर्वीच होत असल्याने ते सुधारण्याची किंवा वाचकापर्यंत नेण्याची निकड त्याला उरत नाही.

हजार प्रतींच्या आवृत्तीला पूर्वी सार्वजनिक ग्रंथालयांचा मोठा आधार होता. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळू लागले आणि त्यातून होणारी खरेदी प्रकाशकाला काहीशी हमी देत असे. अनुदान अपुरे आणि विलंबाने मिळू लागले, की ग्रंथालये सर्वाधिक सवलत देणाऱ्या पुरवठादाराकडे वळतात आणि निवडीचा निकष पुस्तकाच्या मजकुराऐवजी सवलतीचा टक्का ठरतो. करव्यवस्थेचाही भार आहेच: छापील पुस्तकावर जीएसटी नसल्यामुळे कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही आणि तो अखेर किमतीत मिसळतो.

वाहतुकीचा प्रश्न तर जिल्ह्याच्या ठिकाणीही साहित्याचे चांगले दुकान नसलेल्या प्रदेशात थेट वाचकाला जाचतो. नोंदणीकृत छापील पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा घरपोच पुस्तके पाठवणाऱ्या लहान प्रकाशकांचे कंबरडे मोडले. मे २०२५मध्ये डाक विभागाने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केल्याने तो ताण काही अंशी हलका झाला.

या कोंडीत प्रकाशनपूर्व सवलत योजनेचे महत्त्व वाढते. पुस्तक छापण्यापूर्वीच वाचकाने कमी किमतीत प्रत नोंदवायची, या पद्धतीमुळे प्रकाशकाला आवृत्तीचा अंदाज येतो, वितरकाकडे जाणाऱ्या सवलतीचा वाटा वाचतो आणि पैसा आधी हाती येतो. १९७०च्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच चळवळीत ओढून या दिशेने वाट पाडली होती, समाजमाध्यमांमुळे ती आज लहान प्रकाशकांनाही खुली आहे. वाचलेला पैसा चकचकीत मुखपृष्ठावर न घालता जाणत्या संपादकाच्या मेहनतान्यावर खर्च झाला, तरच वाचक पुढच्या पुस्तकासाठी पुन्हा आगाऊ पैसे भरेल.