हातातले कमळ, मुकुटातला स्तूप

पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीहून नीरा ओलांडली की शिरवळ येते. तिथल्या प्राचीन बौद्ध लेण्यांत पूजेचे स्थान म्हणून कोरला आहे तो एक साधा स्तूप. बुद्धाचे रूप न दाखवता त्याची आठवण जागवणारी ही खूण. पुढे महायान पंथ बळावला, लेण्यांतून मूर्तींची गर्दी झाली, तरी स्तूप हरवला नाही. मैत्रेय या भावी बुद्धाच्या मुकुटात तो इवलासा होऊन बसला.

मध्ययुगाच्या उंबरठ्यावरची ही शिल्पे ओळखायची ती चेहऱ्यावरून नव्हे. चेहरे बहुतेक सारखेच शांत. बुद्धाचा उजवा हात जमिनीला टेकलेला असेल तर तो बोधिप्राप्तीचा क्षण, पृथ्वीला साक्षी ठेवणारा. दोन्ही हात छातीशी जुळवून बोटे गुंफलेली असतील तर धर्मोपदेश. बोधिसत्त्व म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे करुणामय; त्यांपैकी मंजुश्रीच्या कमळावर पोथी असते, वज्रपाणीजवळ वज्र, तर अवलोकितेश्वराच्या हाती कमळ आणि मुकुटात अमिताभ बुद्ध. वेरूळच्या सहाव्या लेण्यात मोराशेजारी उभी देवी पाहून सरस्वती आठवते. ती आहे महामायूरी, सर्पविषापासून राखणारी.

या साऱ्यांत मनाला भिडते ते औरंगाबादच्या सातव्या लेण्यातले शिल्प. मधोमध अवलोकितेश्वर उभा, दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी. आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू, अशी आठ संकटे, आणि प्रत्येकात त्याच्याकडे धाव घेणारी माणसे. घाट आणि समुद्र ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांची रोजची भीतीच इथे दगडात उतरली आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हाच विषय कोरलेला आहे.

वेरूळच्या बाराव्या, तीन मजली लेण्यात चिन्हांची मांडणीच अर्थ सांगू लागते: नऊ घरांचा चौकोन, मधल्या घरात बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. हे दगडी मंडल म्हणजे ध्यानाचा नकाशाच.

दापोली तालुक्यातल्या पन्हाळे काजी येथे, सुमारे दहाव्या-अकराव्या शतकात, शांत मुद्रेची जागा उग्र रूपाने घेतली. तिथला महाचंडरोषण, वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचा देव, उजव्या हाती तलवार, डाव्या हाती पाश धरतो. तलवार अज्ञान छेदते, पाश विकारांना बांधतो. त्याचा क्रोध माणसांवर नाही.